शेंगेन व्हिसा: पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम... अर्ज नक्की कुठल्या देशाकडे करायचा?

निळी_छत्री:
नमस्कार मंडळी, मे महिन्यात युरोपला जायचं डोक्यात आहे. आम्ही दोघं, लेक (वय ९) आणि माझे आई-बाबा असे पाच जण, सगळे भारतीय पासपोर्टवाले. ढोबळ प्लॅन असा, पॅरिस ५ रात्री, तिथून ट्रेनने स्वित्झर्लंड ५ रात्री, मग मिलानवरून रोम ३ रात्री आणि रोमहून परत. जाताना पॅरिसला थेट विमान मिळत नाहीये त्यामुळे फ्रँकफर्टला विमान बदलावं लागेल.
आता प्रश्न. एक, तीन देश आहेत तर तीन व्हिसे लागतात का, लागत नसतील तर अर्ज कुणाकडे? दोन, व्हिसाच्या आधी तिकिटं काढायची की नंतर? एक ओळखीचे म्हणतात आधी काढा, दुसरे म्हणतात वेडे आहात का. तीन, बाबा निवृत्त आहेत, पेन्शन आहे पण खर्च मीच करणार आहे, त्यांचे कागद कसे दाखवायचे? आणि बाबांचा पासपोर्ट १० ऑगस्टला संपतोय, आम्ही २४ मेला परत निघणार, म्हणजे चालेल ना?
इंटरनेटवर वाचून वाचून डोकं पिकलंय, दोन साइट दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

रिकामटेकडा:
पासपोर्ट नाही चालणार. पुढचं जाणकार सांगतील.

निळी_छत्री:
अहो पण अडीच महिने राहतात की मध्ये!

रिकामटेकडा:
अडीचच राहतात, तीन लागतात. शेंगेनमधून, म्हणजे युरोपातल्या त्या देशांच्या गटातून, बाहेर पडायच्या दिवसानंतर किमान ३ महिने पासपोर्ट चालू असायला हवा, म्हणजे २४ मेला निघालात तर २४ ऑगस्टपर्यंत. शिवाय दोन कोरी पानं आणि पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला असावा. आधी बाबांचा पासपोर्ट नवा करा, मग बाकी सगळं. जुना फेकू नका, त्यावर कुठले व्हिसे असतील तर नव्याबरोबर तोही द्यायचा असतो.

सुटकेस_सम्राट:
छत्रीताई, जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.
तीन व्हिसे लागत नाहीत. शेंगेन म्हणजे २९ देशांचा एक गट, आतल्या सीमा एकमेकांसाठी उघड्या, बाहेरची सीमा सगळ्यांची एकच. एका देशाने साधा पर्यटक व्हिसा दिला की बाकीच्या २८ मध्ये चालतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे, आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत, आणि ब्रिटन तर दोन्हीत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ संपतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ ला आत आला, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले, त्यामुळे २६ किंवा २७ देश असं लिहिलेलं पान दिसलं तर ते जुनं आहे एवढं समजून पुढे जा.
अर्ज कुणाकडे? नियम असा की मुख्य मुक्काम जिथे त्या देशाकडे. मुख्य म्हणजे जिथे जास्त दिवस राहणार, किंवा येण्याचं खरं कारण जिथे आहे. कुणी लग्नाला इटलीत जातोय आणि जाता जाता पॅरिस बघतोय तर त्याचा मुख्य देश इटली धरता येतो. तुमचं निव्वळ फिरणं आहे म्हणजे रात्री मोजायच्या. आणि इथे तुमची गंमत आहे, फ्रान्स ५ आणि स्वित्झर्लंड ५, बरोबरी!

निळी_छत्री:
बरोबरी झाली तर पहिल्यांदा जिथे जाणार तो देश असं वाचलंय, म्हणजे फ्रान्सच ना?

सुटकेस_सम्राट:
सगळे असंच सांगतात पण नियमातले शब्द वेगळे आहेत. मुख्य देश ठरवता येत नसेल तर ज्या देशाची बाहेरची सीमा ओलांडून तुम्ही शेंगेनमध्ये शिरणार, त्या देशाकडे अर्ज. तुम्ही फ्रँकफर्टला विमान बदलणार. फ्रँकफर्ट ते पॅरिस हे शेंगेनच्या आतलं उड्डाण, म्हणजे पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच होणार. म्हणजे शब्दाला शब्द धरून बसलं तर तुमची बाहेरची सीमा जर्मनी! जिथे तुम्ही एक रात्रही राहणार नाही.

गूळपोळी:
बापरे 😀 म्हणजे विमानतळावर कॉफी पिण्यासाठी जर्मनीचा व्हिसा?

आल्प्सखालची:
मी स्वित्झर्लंडमध्ये राहते, नातेवाइकांची येजा चालू असते त्यामुळे हा वाद घरी कायम ऐकते. सोपा उपाय म्हणजे वाद होऊच द्यायचा नाही, एका देशात रात्री वाढवून टाका. पॅरिस ६ आणि इकडे ४ करा, फ्रान्सकडे अर्ज. किंवा पॅरिस ४ आणि इकडे ६, मग स्विसकडे. मग फ्रँकफर्टला उतरा नाहीतर व्हिएन्नाला उतरा, काही फरक पडत नाही. फ्रान्सने दिलेल्या व्हिसावर जर्मनीतून शिरणं पूर्ण कायदेशीर आहे, फक्त पुढचं बोर्डिंग कार्ड आणि पॅरिसचं बुकिंग हातात ठेवा, अधिकारी विचारतात कधीकधी.

निळी_छत्री:
हे मस्त आहे! पॅरिस ६ करते. की ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते त्याच्या रात्री वाढवू?

सुटकेस_सम्राट:
हे करायला हरकत नाही, पण मग प्रवासही खरोखर तसाच करा. लोक काय करतात, ज्या देशाचा व्हिसा पटकन मिळतो अशी हवा असते तिथलं हॉटेल कागदावर दाखवतात, व्हिसा मिळाला की ते रद्द करून दुसरीकडेच जातात. सीमेवर अधिकाऱ्याने विचारलं, व्हिसा अमुक देशाचा आणि तिथे जाण्याचा एक कागद नाही, तर उत्तर काय देणार? खोटं सांगून व्हिसा मिळवला असं ठरलं तर तो रद्द करायची तरतूद आहे, आणि त्याची नोंद व्हीआयएस नावाच्या सामायिक डेटाबेसमध्ये जाते, ती सगळ्या शेंगेन देशांना दिसते. प्लॅनमध्ये एखाददुसरी रात्र इकडची तिकडे झाली तर कुणी फाशी देत नाही, पण मुख्य देशच गायब करू नये.

झोपाळू_मांजर:
(प्रतिसाद काढून टाकला आहे)

भटकी_सावली:
तिकिटांबद्दल. व्हिसाआधी न परतणारी तिकिटं काढू नका, बऱ्याच दूतावासांच्या पानावर हेच लिहिलेलं असतं. अर्जाला रिझर्वेशन किंवा प्रवासाचा आराखडा लागतो, पैसे भरलेलं तिकीटच पाहिजे असं नाही. विमान कंपन्यांकडे थोडे जास्त पैसे भरून रद्द करता येणारं भाडं मिळतं, काही ठिकाणी थोडी फी देऊन दर धरून ठेवता येतो, तसं करा.

उडता_गालिचा:
डमी तिकीट मिळतं की, कशाला एवढं. एजंट लोक काढून देतात, सगळे तेच लावतात.

भटकी_सावली:
सगळे लावतात ते माहीत आहे. त्यात दोन प्रकार आहेत गालिचाभाऊ. एक खरोखर सिस्टिममध्ये धरून ठेवलेली जागा, तिचा पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकला तर दिसतो, काही दिवसांनी आपोआप सुटतो. दुसरा म्हणजे फोटोशॉपमध्ये बनवलेला कागद. दुसरा प्रकार सरळ बनावट कागदपत्र आहे, आणि बनावट कागद हे नकाराच्या छापील फॉर्ममधलं एक कारण आहे. एजंटने लावला काय आणि तुम्ही लावला काय, अर्जावर सही तुमची असते. मला विचाराल तर म्हाताऱ्या आई-बाबांच्या नावावर ही जोखीम अजिबात घेऊ नये.

उडता_गालिचा:
बरं बाबा, मी फक्त सांगितलं. 🙏

गूळपोळी:
जाता जाता, या व्हिसाची फी किती हो सध्या?

रिकामटेकडा:
मोठ्यांना ९० युरो, ११ जून २०२४ पासून. आधी ८० होती. ६ पासून १२ च्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या खाली फुकट. म्हणजे छत्रीताईंच्या लेकीचे ४५. वर व्हिसा केंद्राची सेवा फी वेगळी. आणि ते एसएमएस, कुरियर, लाउंज वगैरे जे विचारतात ते सगळं ऐच्छिक असतं, नको म्हणायला लाजू नका. लाउंजवाल्यांना व्हिसा जास्त मिळतो असं काही नाही, तिथे फक्त खुर्ची मऊ असते. नकार आला तर फी परत मिळत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

निळी_छत्री:
केंद्र म्हणजे ते व्हीएफएस ना? तेच व्हिसा देतात ना?

सुटकेस_सम्राट:
नाही हो. ते फक्त कागद गोळा करतात, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, पाकीट दूतावासाकडे पाठवतात. निर्णय पूर्णपणे त्या देशाच्या अधिकाऱ्याचा. खिडकीवरच्या माणसाने "हा कागद नसला तरी चालेल" किंवा "याने नक्की रिजेक्ट होईल" म्हटलं तर ते त्याचं मत समजा. एखादा कागद यादीत आहे आणि तुमच्याकडे नाही, तर का नाही ते कव्हर लेटरमध्ये दोन ओळीत लिहा.
वेळेचं गणित असं. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज देता येतो, निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, अडलं तर ४५ पर्यंत जाऊ शकतं. तुमचा मे म्हणजे ऐन गर्दी, सुट्ट्यांमुळे अख्खं जग तेव्हाच अर्ज करतं आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही. खरी अडचण निर्णयाची नसते, अपॉइंटमेंटची असते. त्यामुळे बाबांचा पासपोर्ट हातात आला की त्याच आठवड्यात तारीख धरा. आणि अर्ज चालू असताना पासपोर्ट त्यांच्याकडे असतो, मध्येच दुसऱ्या देशाची फेरी ठेवू नका.
लेकीचे ठसे घेणार नाहीत, १२ च्या खालच्यांना सूट आहे. मोठ्यांनी पूर्वी कधी शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ५९ महिन्यांपर्यंत तेच वापरतात, मागच्या व्हिसाचा नंबर फॉर्ममध्ये लिहा.

निळी_छत्री:
आमच्यापैकी कुणीच गेलेलं नाही, सगळे कोरे. 😅 आता आई-बाबांच्या कागदांचं सांगा कुणीतरी.

भटकी_सावली:
माझ्या काकांचा नकार जवळून बघितलाय म्हणून जरा तळमळीने लिहिते. एका देशाकडे अर्ज केला होता, कागद मोजायला बसलं तर यादीपेक्षा जास्तच होते. पण अर्जाच्या आदल्या आठवड्यात चुलतभावाने "खात्यात बॅलन्स दिसला पाहिजे" म्हणून काकांच्या खात्यात भली मोठी रक्कम टाकली. स्टेटमेंटमध्ये काय दिसतं, महिनोन्महिने ठरावीक पेन्शन, ठरावीक खर्च आणि शेवटी अचानक डोंगर. नकार आला, कारण काय, उदरनिर्वाहाचं पुरेसं साधन सिद्ध झालं नाही. पुढच्या वेळी खात्याला हातच लावला नाही, पेन्शनचं स्टेटमेंट जसं आहे तसं, सोबत मुलाचं पत्र की खर्च मी करतोय, त्याचा पगार, त्याची बँक, त्याचं आयटीआर, आणि नातं दाखवणारा कागद. मिळाला व्हिसा.
मुद्दा एवढाच की अधिकाऱ्याला श्रीमंती बघायची नसते. हा माणूस कोण, पैसे कुठून येणार, कशासाठी येतोय, परत का जाईल, या चार प्रश्नांची उत्तरं सगळ्या कागदांत एकच यायला पाहिजेत. फॉर्मवर १४ दिवस, विम्यावर १२, हॉटेल १० रात्रींचं आणि ऑफिसच्या रजेच्या पत्रात भलत्याच तारखा, असे अर्ज कितीतरी असतात आणि मग लोक म्हणतात नशीबच फुटकं.

सुटकेस_सम्राट:
+१. भटकीताईंनी मर्मावर बोट ठेवलंय. पैशाचा आकडा देशागणिक बदलतो. फ्रान्समध्ये हॉटेल बुकिंग असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो धरतात, बुकिंग नसेल तर १२०. स्वित्झर्लंड दिवसाला १०० फ्रँक म्हणतं. हा किमान हिशोब आहे, प्रत्यक्षात स्वित्झर्लंडमध्ये १०० फ्रँक कधी संपतात ते कळतही नाही.
बाबांसाठी परत येण्याचा पुरावा म्हणजे पेन्शनचे कागद, घर स्वतःच्या नावावर असेल तर तो कागद, इथली कुटुंबातली जबाबदारी. सत्तरीचा माणूस बायको, मुलगी, जावई, नात घेऊन दोन आठवडे फिरायला निघालाय हे मुळात पटण्यासारखं आहे, ते फक्त सरळ लिहा. पाचही अर्ज एकत्र द्या, कव्हर लेटरमध्ये पाचही नावं, नाती आणि कोण कुणाचा खर्च करणार ते लिहा. नोकरी करणाऱ्यांचं रजेचं पत्र, पगाराच्या स्लिपा, आयटीआर, बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह. नात्याच्या कागदावरची स्पेलिंगं पासपोर्टशी जुळतात का ते आजच बघा, आईच्या माहेरच्या नावाचा घोळ अगदी नेहमीचा आहे.

वेलदोडा:
मधेच घुसतोय, माझा मेहुणा ल्योनला असतो, आम्ही त्याच्याकडेच उतरणार. मग हॉटेल बुकिंग कसं दाखवू?

आल्प्सखालची:
फ्रान्समध्ये त्यासाठी मेहुण्याला त्याच्या गावच्या नगरपालिकेतून, म्हणजे मेरीतून, आतेस्तासिओं दाक्योय नावाचं पत्र काढावं लागेल. ३० युरोचं सरकारी फीचं तिकीट (स्टॅम्प) लागतं त्याला, आणि घर किती मोठं, उत्पन्न किती हे सगळं बघतात. मूळ प्रत तुमच्याकडे यायला हवी, ईमेलवर आलेल्या स्कॅनवर निर्धास्त राहू नका, म्हणजे पोस्टाचा वेळ धरा. त्या पत्रावर रोजच्या खर्चाची अट निम्म्यावर येते, ६५ ऐवजी साडेबत्तीस. जर्मनीत असंच हमीपत्र परदेशी नागरिक कार्यालयातून मिळतं पण त्याचा अर्थ बराच जड आहे, पाहुण्याच्या खर्चाची कायदेशीर जबाबदारी यजमानावर येते. मेहुण्याला गोड बोलून आधी नीट समजावून सांगा.

वेलदोडा:
गोड बोलणं बायकोकडे सोपवतो. धन्यवाद!

गूळपोळी:
विम्याचं राहिलं.

रिकामटेकडा:
किमान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, मुक्कामाचे सगळे दिवस धरून. अचानक आजारपण, हॉस्पिटल, आणि मृत्यू झाल्यास परत आणण्याचा खर्च यात यायला हवा. ज्येष्ठांसाठी मात्र पॉलिसीचे बारीक अक्षरातले नियम वाचा, आधीपासूनच्या बीपी-शुगरबद्दल काय लिहिलंय ते. व्हिसासाठी स्वस्तातली पॉलिसी चालून जाते, तिथे हॉस्पिटलात गेल्यावर तीच पॉलिसी काय करते हा वेगळा विषय. व्हिसा नाकारला तर प्रीमियम परत देणाऱ्या कंपन्या आहेत, घेताना विचारा.

निळी_छत्री:
इतकं सगळं एका जागी मिळालं, फार आभार. आता व्हिसा मिळाल्यावर स्टिकरवर काय बघायचं? मैत्रीण म्हणते तिला दोन महिन्यांचा मिळाला पण दोन महिने राहता येत नव्हतं म्हणे, असं कसं?

सुटकेस_सम्राट:
हे नीट वाचा, इथे भलेभले गडबडतात. स्टिकरवर तीन गोष्टी असतात. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, ही झाली खिडकी. मुक्कामाचे दिवस, म्हणजे त्या खिडकीत प्रत्यक्ष किती दिवस आत राहता येईल. आणि प्रवेश किती वेळा, तिथे ०१, ०२ किंवा एमयूएलटी (मल्टिपल, म्हणजे कितीही वेळा) लिहिलेलं असतं. खिडकी साधारणपणे मुक्कामापेक्षा १५ दिवस मोठी देतात, विमान पुढेमागे झालं तर सोय म्हणून. पण मुक्काम १४ दिवस लिहिला असेल तर १४ च, खिडकी कितीही मोठी असो. मैत्रिणीचं हेच झालं असणार.
आणि आल्याचा दिवस आणि गेल्याचा दिवस दोन्ही मोजतात. रात्री अकराला उतरलात तरी तो एक पूर्ण दिवस. तुमच्या १३ रात्री म्हणजे १४ दिवस, फॉर्ममध्येही १४ लिहा. उगाच काठावर जाऊ नका, दोनचार दिवस जास्तीचे मागितले तर लेटरमध्ये कारण द्या.
सगळ्यांच्या वर ९०/१८० चा नियम. कुठलाही दिवस घ्या, त्याच्या मागचे १८० दिवस बघा, त्यात शेंगेनमध्ये ९० पेक्षा जास्त दिवस भरता कामा नयेत. ही सहामाही जानेवारी-जून अशी ठरलेली नसते, रोज पुढे सरकते. युरोपीय आयोगाच्या साइटवर याचा कॅल्क्युलेटर आहे, वर्षातून दोनदा जाणाऱ्यांनी वापरावा.

झोपाळू_मांजर:
मला स्वालबार्डला ध्रुवीय अस्वलं बघायला जायचंय. एक प्रवेशाचा व्हिसा पुरेल?

सुटकेस_सम्राट:
नाही पुरणार. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या बाहेर आहे. तिथे राहायला व्हिसा लागतच नाही, पण जायचं ओस्लो किंवा ट्रॉम्सोवरून, म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडून परत आत. निदान दोन प्रवेश पाहिजेत. अंडोराचं तसंच, तो शेंगेनमध्ये नाही पण जायची वाट फक्त फ्रान्स किंवा स्पेनमधून, आत गेलात की तुमचा एक प्रवेश संपला. उलट लिश्टेनस्टाइन शेंगेनमध्येच आहे, आणि मोनाको, सान मारिनो, व्हॅटिकनला जाताना कुणी अडवत नाही, रोमला गेल्यावर छत्रीताईंनी बिनधास्त व्हॅटिकन बघावं.

उडता_गालिचा:
मग सरळ मल्टिपलच मागावा ना पहिल्याच वेळी?

भटकी_सावली:
मागू शकता, पण कारण लागतं. पहिल्याच अर्जावर बहुतेक वेळा सहलीपुरताच देतात. भारतीयांसाठी युरोपीय आयोगाने १८ एप्रिल २०२४ ला वेगळा नियम काढलाय, मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल, आणि तो झाला की साधारण पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी असली तर. नियम भारतात राहणाऱ्यांसाठी आहे, आणि "नीट वापरले" हा शब्द महत्त्वाचा, एकही दिवस जास्त राहिलेलं नको. पाच वर्षांचा व्हिसा मिळाला तरी ९०/१८० सुटत नाही बरं का.

वेलदोडा:
हा धागा जपून ठेवलाय! जाताना विमानतळावर आता ठसे घेतात म्हणे, ते वेगळं काय?

आल्प्सखालची:
ती ईईएस, म्हणजे सीमेवर येण्याजाण्याची नोंद ठेवणारी नवी यंत्रणा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी आत-बाहेर जाण्याची नोंद कॉम्प्युटरवर होते. व्हिसावाल्यांचे ठसे आधीच व्हीआयएसमध्ये असल्याने परत साठवून घेत नाहीत, चेहऱ्याचा फोटो मात्र काढतात. पहिल्या वेळी रांगेत वेळ जातो, त्यामुळे फ्रँकफर्टला पुढचं विमान तासाभराने असेल तर चुकण्याची तयारी ठेवा! निदान तीन तासांचं अंतर घ्या, आईबाबा सोबत आहेत. आणि शिक्के नाहीत म्हणजे एक दिवस जास्त राहिलं तर कळणार नाही असं वाटून घेऊ नका, आता मशीनच मोजतं.
ते ईटीआयएएस नावाचं ऑनलाइन प्रवास-परवानगीचं प्रकरण मात्र तुमच्यासाठी नाही. ज्या देशांच्या लोकांना व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहे ते. भारतीय पासपोर्टवाल्याला कुणी पैसे घेऊन ईटीआयएएस काढून देतो म्हणाला तर तिथून पळा.

निळी_छत्री:
समजा नाकारलाच तर? एकाचा मिळाला आणि एकाचा नाही असं होतं का?

भटकी_सावली:
होतं, प्रत्येक अर्ज वेगळा असतो. नकाराबरोबर एक छापील फॉर्म येतो, त्यात कारणांपुढे खूण केलेली असते. ते कारण वाचा, त्याच कारणाला उत्तर देणारे कागद जोडा. अपील करायचा हक्क आहे, पण ते त्या त्या देशाच्या कायद्याने चालतं आणि मुदत फॉर्मवरच लिहिलेली असते. जर्मनीने तर १ जुलै २०२५ पासून दूतावासाकडेच फेरविचार मागायची सोय बंद केली, आता कोर्ट नाहीतर नवा अर्ज. सहलीसाठी बहुतेकांना नवा अर्जच परवडतो. फक्त आधीचा नकार लपवू नका, व्हीआयएसमध्ये तो पाच वर्षं असतो. आणि एका देशाने नाकारला म्हणून त्याच कागदांवर लगेच दुसऱ्या देशाकडे धावू नका, तो तेच बघणार.

रिकामटेकडा:
अजून एक, व्हिसा मिळाला म्हणजे आत सोडलंच पाहिजे असं नसतं. सीमेवरचा अधिकारी पुन्हा विचारू शकतो, कुठे राहणार, पैसे किती, परतीचं तिकीट. हॉटेलची बुकिंगं, विमा, परतीचं तिकीट छापून हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. आई-बाबांकडे त्यांचा वेगळा संच द्या, रांगेत ताटातूट होते आणि बाबा सांगतात "मुलीकडे आहे सगळं".

निळी_छत्री:
हाहा, बाबा अगदी हेच म्हणणार! ठरलं तर मग, आधी बाबांचा पासपोर्ट, पॅरिस ६ स्वित्झर्लंड ४ रोम ३, अर्ज फ्रान्सकडे, रद्द करता येणारी तिकिटं आणि मधला वेळ तीन तास. लेकीच्या अर्जावर आम्हा दोघांच्याही सह्या लागतील का? नवऱ्याचं ऐनवेळी कामामुळे रद्द होऊ शकतं.

सुटकेस_सम्राट:
अल्पवयीन आहे, म्हणून दोघांच्याही सह्या घ्या, जन्माचा दाखला लावा. नवऱ्याचं यायचं नक्की नसेल तर त्याचं संमतीपत्र आत्ताच करून ठेवा, त्याच्या पासपोर्टच्या सही असलेल्या प्रतीसकट. प्रवासातही सोबत असू द्या, एकटी आई आणि मूल दिसलं की सीमेवर ते विचारू शकतात. आणि ऐनवेळी त्याचं रद्द झालं तर तुमचा खर्च कोण करतंय हेही बदलतं, अर्जात तो प्रायोजक असेल तर लगेच दूतावासाला ईमेल करून नवीन पत्र पाठवा. तुमचा स्वतःचा पगार असेल तर आई-बाबांची आणि लेकीची प्रायोजक तुम्हीच व्हा, म्हणजे तो प्रश्नच येणार नाही.